पेन्शन पगारात की ‘इतर’मध्ये?

जुलै महिन्यात माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका इमारतीतली जिन्याखालची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, कुरकुरणारा प्रिंटर आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणायचे ते दिवस गेले म्हणतात, पण आयकराचं विवरणपत्र भरून घ्यायला माझ्याकडे येतात ते अजून बहुतेक पेन्शनरच. आयटीतली मुलं मोबाइलवर स्वतःच भरतात आणि नोटीस आली की मग येतात.

यंदा एक काकू आल्या. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, गेल्या वर्षी गेले. त्यांचं विवरणपत्र मी बारा वर्षं भरत होतो, काकूंचं हे पहिलंच. मी काढून दिलेली प्रत त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. (वह्या तपासायची सवय मास्तरांकडून घरभर पसरत असावी.) एका ओळीवर बोट थांबलं.

“अरे, ह्यांची पेन्शन तू पगारात दाखवायचास ना? मग माझी ‘इतर स्रोतां’त का घातलीस?”

मी सांगितलं, कायदाच तसा आहे. ज्याने नोकरी केली त्याची पेन्शन हे त्याचं वेतनाचं उत्पन्न. तो गेल्यावर बायकोला मिळते ती फॅमिली पेन्शन. बायकोने सरकारची नोकरी केलेली नसते, म्हणून ती रक्कम बँकेच्या व्याजाशेजारी, ‘इतर स्रोतां’त जाऊन बसते. पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट तिला नाही. रकमेचा एक तृतीयांश, किंवा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच वजा होतं.

“म्हणजे ह्यांची कमावलेली आणि माझी फुकटची?”

मी उत्तर देण्याआधी मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ बोलले. पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीतून २०१८ साली निवृत्त झालेले. “सगळीच फुकटची हो वहिनी. मास्तरांनी एक पैसा भरला नव्हता. आमच्या टॅक्सातून चालतं सगळं.”

“बत्तीस वर्षं एसटीने वेल्ह्याला जायचे हे,” काकू म्हणाल्या, “ते काय फिरायला?”

पुढची वीस मिनिटं माझं काम बंद होतं. पण वाद चुकीच्या जागी अडकला होता, हे मला घरी जाताना लक्षात आलं. दोघंही एकच धरून बसले होते: पैसे कोणी भरले? ज्याने भरले त्याचा हक्क, ज्याने भरले नाहीत त्याला दान. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की कोणी तपासून बघत नाही. तपासलं तर ते टिकत नाही, हे सांगायला हा लेख.

मराठीने या वादात आपली बाजू केव्हाच घेऊन ठेवली आहे. निवृत्तिवेतन. काम थांबलं तरी वेतनच. शब्द बनवणाऱ्याने मानधन, अनुदान, साहाय्य असले शब्द हाताशी असूनही वेतन निवडलं. पण शब्दाने हक्क मिळत नसतो, आणि पेन्शन हा हक्क आहे असं सुरुवातीला कोणी मानलंही नव्हतं.

पेन्शनची सगळ्यात मोठी फिर्याद तर पुण्याच्याच धन्याच्या घरातली. १८१८ साली दुसरा बाजीराव शरण आला तेव्हा कंपनीने त्याला वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले आणि कानपूरजवळ बिठूरला पाठवून दिलं. १८५१ साली तो वारला आणि पैसे बंद झाले. दत्तकपुत्र नानासाहेबाचं म्हणणं होतं की राज्य घेतलंत, त्याच्या बदल्यात ही रक्कम ठरली, तेव्हा ती घराण्याला मिळाली पाहिजे. कंपनीचं म्हणणं, ती बाजीरावाच्या हयातीपुरती होती, आणि तेहतीस वर्षांत अडीच कोटींच्या वर रक्कम त्याला पोचली आहे, आणखी काय हवं? नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला लंडनपर्यंत पाठवलं. उपयोग झाला नाही. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

बघा, एक बाजू म्हणते मोबदला, दुसरी म्हणते मेहेरबानी. माझ्या ऑफिसातला वाद यापेक्षा वेगळा नव्हता. फरक एवढाच की नानासाहेबाला दाद मागायला जागा नव्हती. अर्ज करायचा तो ज्याने पैसे बंद केले त्याच्याकडेच.

ही जागा नसणं इंग्रजांनी पुढे कायद्यात पक्कं केलं. १८७१चा पेन्शन कायदा आजही पुस्तकात आहे. सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल दिवाणी न्यायालयाने दावा ऐकायचा नाही, आधी कलेक्टरकडे जा, असं त्यात लिहिलं आहे. गंमत म्हणजे त्याच कायद्याने पेन्शनरावर एक उपकारही केला: सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येत नाही. म्हणजे सरकारपुढे तुम्ही याचक, पण सावकारापुढे तुमची पेन्शन सुरक्षित. पैसा तुमचाच, पण तुम्ही त्याचे पुरते मालक नाही.

हे बदलायला स्वातंत्र्यानंतरही वेळ लागला. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिशी नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता. पुढे घटनादुरुस्तीने तो मूलभूत राहिला नाही, पण ३००अ कलमाखाली जिवंत राहिला. २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही मालमत्ता आहे आणि कायद्याचा स्पष्ट आधार नसताना, नुसत्या प्रशासकीय आदेशाने ती अडवता येणार नाही.

पण पेन्शनर मंडळी ज्या निकालाला देव्हाऱ्यात ठेवतात तो १७ डिसेंबर १९८२चा. डी. एस. नाकरा विरुद्ध भारत सरकार. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं आणि सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड, जन्माने पुणेकर. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. त्या तारखेला अजूनही देशभर पेन्शनर दिन साजरा होतो.

भांडण साधं होतं. केंद्र सरकारने पेन्शन मोजायचं जास्त उदार सूत्र आणलं, पण ते ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. नाकरा १९७२ साली निवृत्त झालेले. एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे उभे असलेले दोन म्हातारे, नोकरी तीच, महागाई तीच, पेन्शन वेगळी. न्यायालयाने ती तारखेची भिंत पाडली. हे करताना पेन्शन म्हणजे काय हे ठरवावं लागलं, आणि तिथे निकालपत्रात तीन गोष्टी एकामागोमाग येतात. पेन्शन ही मालकाच्या लहरीवर अवलंबून असलेली कृपा नाही, तो हक्क आहे. पेन्शन म्हणजे केलेल्या सेवेचा मोबदला. आणि पेन्शन हे समाजकल्याणाचं साधन आहे: ज्यांनी उमेदीच्या वर्षांत ‘म्हातारपणी वाऱ्यावर सोडणार नाही’ या भरवशावर राबून घेतलं, त्यांना मिळणारा सामाजिक-आर्थिक न्याय.

म्हणजे ‘कमावलेली की कल्याणाची?’ या प्रश्नाला न्यायालयाचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. पेन्शनरांच्या सभांत पहिली दोन वाक्यं मोठ्याने वाचली जातात. तिसरं कमी.

आता गृहस्थांच्या आक्षेपाकडे. मास्तरांनी खरंच एक पैसा भरला नव्हता. मग कमावलं ते कसं?

सरकारी नोकरीत पूर्वी दोन वाटा असायच्या. एक सीपीएफची. कर्मचारी आपला हिस्सा टाकणार, सरकार आपला हिस्सा टाकणार, निवृत्तीच्या दिवशी दोन्ही मिळून एकरकमी हातात, आणि राम राम. दुसरी पेन्शनची. इथे कर्मचाऱ्याचा जीपीएफ असतो, पण त्यात फक्त त्याचेच पैसे जातात. सरकार त्यात दमडी घालत नाही. ती न घातलेली दमडी म्हणजेच पेन्शन, पुढे मरेपर्यंत हप्त्याहप्त्याने देण्याच्या वचनावर. पेन्शनची वाट धरणारा मालकाच्या हिश्श्यावर पाणी सोडत होता. खिशातून काही गेलं नाही हे खरं, कारण जे जायचं ते खिशात आलंच नाही.

आणि करातून येते म्हणाल, तर मास्तरांचा पगारही करातूनच यायचा. त्याला कोणी खैरात म्हणत नव्हतं.

तरीही पेन्शनरांच्या बाजूने सगळं खरं मानायला मी तयार नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनराची मूळ पेन्शन ऐंशी पार झाल्यावर २० टक्के वाढते, पुढे दर पाच वर्षांनी वाढत जाते आणि शंभरी गाठली की दुप्पट होते. ही वाढ कुठल्या सेवेची? ऐंशीव्या वर्षी कोणी फाइल उघडलेली नसते. ती वाढ म्हातारपणाची आहे, औषधांची आहे, रात्री सांभाळायला ठेवलेल्या बाईची आहे. ते कल्याणच, आणि तसं म्हणायला लाजायचं कारण नाही. एकाच चेकमध्ये मजुरीही असते आणि काळजीही, आणि पासबुकात त्यांची एकच नोंद असते.

उलट बाजूनेही बघावं लागतं. निवृत्तिवेतनाच्या नियमांत अजून असं लिहिलं आहे की पुढची चांगली वर्तणूक ही पेन्शनची गृहीत अट आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन थांबू शकते, कापली जाऊ शकते. कमावलेल्या पगाराला अशी अट कोणी लावत नाही. गेल्या महिन्याचा पगार, तू या महिन्यात चोरी केलीस म्हणून परत दे, असं नसतं. या अटीत जुन्या मेहेरबानीचा वास राहिला आहे. आणि २०२५च्या वित्त कायद्यातून केंद्राने मागच्या काळापासून लिहून घेतलं की निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत फरक करण्याचा अधिकार आपल्याला आहे. नाकरा निकालाने पाडलेली भिंत पुन्हा बांधायला वाळू-सिमेंट आणून ठेवलं, असं पेन्शनर संघटना म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

गृहस्थांची स्वतःची गोष्ट मात्र याहून करुण आहे, आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झालेली ही योजना. मालक पीएफसाठी पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. पण हे ८.३३ टक्के खऱ्या पगारावर नाहीत, ठरवलेल्या कमाल पगारावर: २००१पासून ६,५००, सप्टेंबर २०१४पासून १५,०००. म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. त्यात केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं, १५,०००वर १७४ रुपये.

पेन्शन काढायचं सूत्र एका ओळीचं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं आणि पूर्ण १५,००० धरले तरी येतात ७,५००. पण २०१४ आधीची वर्षं जुन्या ६,५००नेच मोजली जातात, त्यामुळे गृहस्थांच्या खात्यात येतात तीन हजारांच्या आसपास. २०१८ साली जेवढे तेवढेच आज. महागाई भत्ता नाही. त्यांच्या पहिल्या पेन्शनीत दोघांचं महिन्याचं किराणा सामान यायचं, आता अर्धंही येत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

म्हणजे ज्याच्या नावावर दरमहा रोख पैसे भरले गेले, त्याची पेन्शन तीन हजार आणि गोठलेली. ज्याच्या नावावर काहीच भरलं गेलं नाही, त्याची शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि महागाईबरोबर वाढणारी. ‘भरले त्याचा हक्क’ हे तत्त्व इथेच लंगडं पडतं.

आणि या पूर्णपणे कमावलेल्या योजनेतही एक कल्याणाचा कोपरा आहे. २०१४पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. सूत्राने कोणाची सहाशे निघाली तर वरचे चारशे सरकारच्या तिजोरीतून येतात. गेली कित्येक वर्षं ईपीएसवाले हे हजाराचे साडेसात हजार करा म्हणून उन्हातान्हात बसतात. ते मागतात ते हक्क म्हणून, सरकार मोजतं ते अनुदान म्हणून. बोलणी कुठे अडतात ते यावरून कळावं.

(गृहस्थांना मी हे सगळं त्या दिवशी सांगितलं नाही. माणूस आधीच चिडलेला होता.)

भरण्याचा आणि हक्काचा संबंध किती पातळ असू शकतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेचं आहे. पुण्यात दर तिसऱ्या घरातलं कोणी तरी तिकडे आहे, त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (तिथली सरकारी पेन्शन योजना) कापली जाते. लोकांना वाटतं, आपल्या नावाचं खातं आहे, त्यात साठतंय. १९६० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेस्टर नावाच्या माणसाचा खटला आला. बल्गेरियातून १९१३ साली आलेला, एकोणीस वर्षं कपात झालेली. पूर्वी कधी तरी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता म्हणून त्याला देशाबाहेर घालवलं आणि पेन्शन थांबवली. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, या पैशावर त्याचा मालमत्तेसारखा हक्क नाही. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने दिलं, काँग्रेस बदलू शकते.

तिकडे एकोणीस वर्षं भरून मालमत्ता नाही, इकडे काही न भरता मालमत्ता. तेव्हा कोणी भरलं हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दुसरा विचारावा, जो मी माझ्या गिऱ्हाइकांना आता विचारतो: उद्या पैसे आले नाहीत, तर तुम्ही कुठे जाल?

सरकारी पेन्शनर कोषागारात जातो, तिथे नाही झालं तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात), तिथून उच्च न्यायालयात, हातात नियमपुस्तक आणि नाकरा निकाल. ईपीएसवाला पीएफ ऑफिसात जातो आणि थकला तरी शेवटी कोर्टात जाऊ शकतो, फक्त तिथे त्याला सूत्राइतकंच मिळतं. ज्याला जायला जागा आहे, त्याची पेन्शन हक्क. ज्याला फक्त विनंती करता येते, त्याची मेहेरबानी. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकारने २०१८ साली मानधन सुरू केलं, २०२०च्या सरकारने बंद केलं, २०२२च्या सरकारने पुन्हा सुरू केलं. ते योग्य होतं की नव्हतं हा वेगळा विषय. पण अशा चालू-बंद होणाऱ्या गोष्टीला हक्क म्हणत नाहीत.

याच कसोटीवर नवी पेन्शन घासून बघा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालतं, स्वतःच्या नावाचं खातं, स्टेटमेंट मोबाइलवर. याहून ‘आपली’ पेन्शन असूच शकत नाही. आणि तरीही मार्च २०२३मध्ये लाखो कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर गेले. वेडे होते का? अजिबात नाही. खात्यातले पैसे त्यांचे, पण महिन्याला किती मिळतील याचं वचन कोणाचंच नाही. बाजार पडला तर कोणाच्या दारात जायचं? वस्तू जितकी स्वतःची झाली तितकी हमी पातळ झाली. १ एप्रिल २०२५पासून आलेल्या केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के आहेतच, वर पंचवीस वर्षं सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी परत आणली आहे. म्हणजे सरकारलाही कळलं की लोक खातं मागत नव्हते, शब्द मागत होते.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होतं. आयकर कायदा त्यांची पेन्शन ‘इतर’मध्ये टाकतो, पण तेवढ्याने ती फुकटची ठरत नाही. १९९१ साली व्हायोलेट आयझॅक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फॅमिली पेन्शन मृत कर्मचाऱ्याच्या इस्टेटीत येतच नाही. तो मृत्युपत्र करून ती भावाला देऊ म्हणेल तर देता येणार नाही. नियमांनी ती थेट विधवेला दिली आहे, तिच्या स्वतःच्या हक्काने. म्हणजे काकूंना ती मास्तरांकडून वारशाने आलेली नाही. ती पहिल्यापासून काकूंचीच होती, फक्त मास्तर असेपर्यंत सुरू झाली नव्हती.

हे सांगायला मी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. आता आमच्या मावशींचं बघ.”

दुसऱ्या दिवशी त्या मावशींना घेऊनच आल्या. वय सहासष्ट, राहायला जनता वसाहतीत. बहात्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर पुण्यात आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून आजपर्यंत भांडी. मास्तरांपेक्षा वीस वर्षं जास्त नोकरी. हाताच्या रेषा साबणाने इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, दुकानदार ओल्या फडक्याने पुसून चार-चार वेळा ठेवायला लावतो.

त्यांना भरायचा होता तो अर्ज श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा. महिना दीड हजार. नाव पुन्हा वाचा. जिला आयुष्यात कोणी वेतन या शब्दाने पैसे दिले नाहीत, निवृत्त व्हायची जिला सोय नाही, तिला मिळणाऱ्या या रकमेचं नाव निवृत्तिवेतन. त्याच खिडकीवरची दुसरी योजना आहे संजय गांधी निराधार अनुदान योजना. एकीला अनुदान म्हटलं, दुसरीला वेतन, आणि कसोटी लावली तर दोन्ही एकाच रांगेत. पैसे आले नाहीत तर जायचं कुठे? तहसील कचेरीच्या खिडकीवर. घटनेचं ४१वं कलम म्हातारपणी सरकारी साहाय्याबद्दल बोलतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर थेट दावा लावता येत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला हिस्सा साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये आहे. गेली अनेक वर्षं २०० रुपये.

मावशींच्या कामात कमावण्याजोगं काही नव्हतं असं नाही. हिशोब ठेवणारं कोणी नव्हतं. याच शहरात मार्केट यार्डातला हमाल बघा. तोही रोजंदारीवर, त्यालाही एक मालक नाही, सकाळी या गाळ्यावर तर दुपारी त्या. पण हमाल पंचायत उभी राहिली, पुढे १९६९चा माथाडी कायदा झाला, आणि व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची, ती माथाडी मंडळाकडे जमा व्हायची, त्यातून हमालाचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी, असं ठरलं. पाठीवरचं पोतं तेच. पण ज्या दिवसापासून लेव्ही सुरू झाली त्या दिवसापासून त्याचं म्हातारपण कमावलेलं झालं. डॉ. बाबा आढाव पेन्शन परिषदेच्या व्यासपीठावरून किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन प्रत्येक कष्टकऱ्याला मागत होते, ती याच अनुभवावरून. कमावलेलं आणि दिलेलं यांतली रेघ कष्टांनी पडत नाही, कागदाने पडते.

मावशींचा अर्ज भरताना आम्ही उत्पन्नाच्या रकान्यापाशी आलो. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, आणि तीही कुटुंबाची. काकूंकडेच मावशींना महिना अडीच हजार मिळतात. शिवाय आणखी एक घर.

“अडीच हजार गुणिले बारा,” काकू म्हणाल्या, “तीस हजार. मग मिळणार नाही?”

“लिहिलं तर नाही.”

“आणि काम सोडलं तर?”

“तर बसेल नियमात.”

“दीड हजारात भागेल तिचं?”

पिंपरीचे गृहस्थ त्या दिवशीही आले होते, त्यांच्या फॉर्म सोळाची एक प्रत राहिली होती. त्यांनी फोनवर २१,०००ला बाराने भागलं. “साडेसतराशे,” ते म्हणाले, आणि फोन खिशात ठेवताना पुन्हा स्वतःशीच, “साडेसतराशे.”

मावशी दाराशी उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या. चारच्या घरी जायचं आहे, लवकर करा, म्हणाल्या.

काकूंनी पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. “पेन्सिल आहे का रे? हा रकाना तूर्तास पेन्सिलीने भरते.”